गाडीत कुत्र्याला बांधायचा हार्नेस: दुकानात हातात घेऊन काय तपासायचं

२५ किलोचा लॅब्रॅडॉर मागच्या सीटवर मोकळा बसलाय. गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललीय आणि वळणावर अचानक उसाची ट्रॉली आडवी येते. गाडी धडकून थांबते, कुत्रा थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो आणि सीटच्या पाठीवर, पुढे बसलेल्या माणसाच्या मानेवर नाहीतर थेट काचेवर आदळतो. ताशी ५० हा वेग आपल्याला रोजचा वाटतो. पण दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून एखादी वस्तू खाली सोडली, तर जमिनीवर आपटताना तिचा वेग साधारण इतकाच असतो.

हे टाळायला लोक हार्नेस, म्हणजे कुत्र्याच्या छाती-पाठीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज घेतात. घेतात ही चांगलीच गोष्ट आहे, पण कोल्हापूर शहरातल्या पेट शॉपमध्ये सहज मिळणारे बहुतेक हार्नेस हे फिरायला नेण्याचे असतात. रंकाळ्यावर सकाळी कुत्र्याने ओढ घेतली तर ती सहन करायची, एवढंच त्यांचं काम. त्यालाच शे-दोनशे रुपयांचा बकलचा पट्टा जोडून ‘कार सेफ्टी बेल्ट’ म्हणून विकलं जातं. असा पट्टा अगदीच निरुपयोगी नाही. कुत्रा ड्रायव्हरच्या मांडीवर चढत नाही, खिडकीतून उडी मारत नाही, जोरात ब्रेक दाबला तर सीटखाली गडगडत नाही. पण कुत्र्याला जागेवर बसवणं वेगळं आणि धडकेत धरून ठेवणं वेगळं. पहिलं काम जवळपास कोणताही हार्नेस करतो, दुसरं फार थोडे करतात. पैसे मोजण्याआधी आपण यातलं नेमकं काय विकत घेतोय, हे समजलं पाहिजे.

पट्ट्यावर किती ओढ येते

धडकेत गाडीचं बोनेट चेपतं. समजा ते अर्धा मीटर चेपलं. जो गाडीला घट्ट बांधलेला आहे तो गाडीबरोबरच त्या अर्ध्या मीटरमध्ये हळूहळू थांबतो. ताशी ५० च्या वेगाला हे गणित घातलं की सरासरी ओढ अंगच्या वजनाच्या वीस पटीच्या जवळ येते. २५ किलोच्या कुत्र्यासाठी जवळपास ५०० किलो. गुळाचे तीस किलोचे सोळा-सतरा रवे एकाच पट्ट्याला लटकवले तर जेवढा भार येईल, तेवढा. शिवाय ही सरासरी झाली, मधल्या एखाद्या क्षणी ओढ याहून बरीच वर जाते. दहा किलोचं पॉमेरेनियन-मिक्स असलं तरी दोनशे किलोचा हिशेब धरावाच लागतो.

आता तोच लॅब्रॅडॉर दीड फूट सैल पट्ट्याला बांधलेला आहे असं समजा. मोकळेपणाने हलता यावं म्हणून मालकाने मायेने पट्टा लांब ठेवलाय. धडक होते, गाडीचं चेपणं संपत येतं, तरी पट्टा अजून ताणलेलाच नसतो. कुत्रा पूर्ण वेगात पुढे गेलेला असतो आणि मग पट्टा एकदम ताठ होतो. आता थांबायला उरते फार तर वीतभर जागा, म्हणजे २० सेंटिमीटर. एवढ्यात थांबायचं तर ओढ वजनाच्या पन्नास पटीवर जाते, बाराशे किलोच्याही पुढे. कुत्रा तोच, वेग तोच, हार्नेस तोच. फक्त पट्टा सैल असल्यामुळे मार अडीचपट झाला.

म्हणून आखूड पट्टा हा कुत्र्यावर जुलूम नाही. रबरासारखा ताणणारा ‘बंजी’ पट्टा झटका शोषतो असं पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि चालताना ते खरंही आहे. गाडीत मात्र तो कुत्र्याला पुढच्या सीटपर्यंत जाऊ देतो, आणि त्याला नेमकं तिथेच आपटू द्यायचं नसतं. गाडीसाठी बंजी घेऊ नका.

तुलनेसाठी माणसाचा सीटबेल्ट पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या १६ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार त्याची पट्टी भार आलेला असताना किमान ४६ मिलिमीटर रुंद असावी लागते आणि सुमारे दीड हजार किलोच्या ओढीपर्यंत तुटता कामा नये. त्याच्या शेजारी दुकानातला बोटभर रुंदीचा पट्टा धरून बघितला की फरक डोळ्यांनाच कळतो.

‘टेस्टेड’ म्हणजे ‘पास’ नव्हे

पाकिटावर ‘क्रॅश टेस्टेड’ लिहिलंय, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कुत्र्यांच्या हार्नेससाठी अमेरिकेतसुद्धा सरकारने ठरवून दिलेली सक्तीची चाचणी नाही. त्यामुळे चाचणी केली आणि हार्नेस तुटला, तरी ‘टेस्टेड’ हा शब्द छापता येतो.

तिथल्या ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ या ना-नफा संस्थेने २०१३ मध्ये सुबारू कंपनीच्या मदतीने याची नीट तपासणी केली. लहान मुलांच्या कार सीटसाठी अमेरिकेत जो नियम आहे, त्याच धर्तीवर ताशी ३० मैलांच्या, म्हणजे ४८ किलोमीटरच्या धडकेत हार्नेस पारखले. कुत्र्याच्या वजनाचे तीन पुतळे वापरले, साधारण ११, २० आणि ३४ किलोचे. सुरक्षित असल्याचा दावा करणाऱ्या हार्नेसपैकी प्रत्येक चाचणीत पुतळ्याला सीटवरच धरून ठेवणारा एकच निघाला, ‘स्लीपीपॉड’ कंपनीचा ‘क्लिकिट युटिलिटी’. त्यानंतर या संस्थेने स्वतःची प्रमाणपत्र पद्धत सुरू केली आणि पास झालेल्या हार्नेसची यादी ती जाहीर करते. परवडत असेल तर या यादीतला हार्नेस बाहेरून मागवणं, हा सगळ्यात सरळ मार्ग. मात्र प्रमाणपत्र ठरावीक मॉडेलला आणि ठरावीक मापांना असतं, कंपनीच्या सगळ्या मालाला नसतं. मॉडेलचं पूर्ण नाव जुळवून पाहा.

इतर कुठल्याही कंपनीचा असेल तर विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: किती वेगाला चाचणी झाली, पुतळा किती किलोचा होता आणि धडकेनंतर तो कुठे होता. पुतळ्याचं वजन आपल्या कुत्र्यापेक्षा कमी असेल, तर ती चाचणी आपल्या कामाची नाही.

हाताने ताणून पाहा

प्रमाणपत्राचा हार्नेस घेणं प्रत्येकाला जमणार नाही. मग हाती असलेल्या मालातून कमीत कमी वाईट कोणता हे ओळखता आलं पाहिजे, आणि ते दुकानातच पाच मिनिटांत ओळखता येतं.

हार्नेस काउंटरवर ठेवून आधी त्याच्या सगळ्या क्लिपा लावा. एक मूठ पाठीवरच्या लूपमध्ये घाला, दुसरी छातीच्या पट्ट्यात, आणि दोन्ही हातांनी जोर लावून विरुद्ध दिशेला ओढा. आता नीट बघा: कुठले भाग ताठ झाले आणि कुठले सैलच राहिले? जे ताठ झाले तेच धडकेत भार घेणार. चांगल्या हार्नेसमध्ये छातीपासून लूपपर्यंत सलग रुंद पट्टी जाते आणि क्लिप फक्त हार्नेस अंगावर बंद करायला असते. ओढल्यावर प्लॅस्टिकची क्लिप, दोन बाजूंनी दाबून सोडायची ती, ताणात आलेली दिसली, तर सगळा भार त्या प्लॅस्टिकच्या दोन जिभांवर आहे असं समजा. असा हार्नेस परत ठेवा. लांबी कमी-जास्त करायचे स्लायडरही ओढून बघा. हाताच्या जोरानेच पट्टी सरकत असेल, तर पाचशे किलोला ती थांबणार नाही.

मग शिवण. पट्टी जिथे दुमडून शिवली आहे, तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असावी, नाहीतर अगदी जवळजवळ मारलेल्या आडव्या टाक्यांचा जाड पट्टा असावा. पिशवीच्या बंदाला असते तशी एकच सरळ ओळ असेल तर नको. दुमडलेले दोन थर बोटांनी अलग करायचा प्रयत्न करा. मधून उजेड दिसला, टाके वर आले, तर सोडून द्या. पट्टी नायलॉनची किंवा पॉलिस्टरची असावी, सुती नको.

कोल्हापुरात हमखास सुचणारी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. चपला बनवणाऱ्या कारागिराकडून जाड चामड्याचा, पक्क्या शिवणीचा पट्टा करून घेऊ, असं अनेकांना वाटतं. गळपट्ट्यासाठी तो उत्तमच, वर्षानुवर्षं जातो. पण चामड्याची ताकद त्या जनावराच्या कातड्यावर, कमावण्यावर आणि ओलाव्यावर ठरते. दोन पट्टे सारखे निघत नाहीत, आणि भोक पाडलं की तिथून फाटायची सुरुवात होते. धडकेचा भार चामड्यावर टाकू नका. त्याचप्रमाणे उसवलेला हार्नेस बॅग दुरुस्तीवाल्याकडून पुन्हा शिवून घेऊ नका. सुई ज्या ज्या ठिकाणी पट्टीतून दुसऱ्यांदा जाते, तिथले धागे तुटतात.

आणि हुक. बहुतेक स्वस्त पट्टे इथेच मार खातात. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात ज्यांच्या घरातलं कुणी फौंड्रीत कामाला आहे, त्यांना ओतीव आणि घडीव यातला फरक सांगायला नको. चकचकीत क्रोमचे स्नॅप हुक बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे, डायकास्टिंगचे असतात. साच्यात ओतताना आत बारीक पोकळ्या राहतात. सावकाश ओढलं तर हुक धरतो, झटका बसला की जरासुद्धा न वाकता तडकन तुटतो. घडीव पोलाद आधी वाकतं, मग तुटतं, आणि त्या वाकण्यातच झटक्याचा बराच जोर जिरतो. हुक हातात घेऊन कडेने फिरवा. साच्याचे दोन अर्धे जुळले त्या जागी बारीक रेघ दिसेल, कधी खिळ्याच्या डोक्याएवढे गोल ठसेही दिसतील. मग जुन्या स्पीकरमधलं चुंबक लावून बघा. जस्ताला ते चिकटत नाही, साध्या पोलादाला चिकटतं. काही प्रकारच्या स्टेनलेस स्टीललाही चिकटत नाही, त्यामुळे चुंबक आणि साच्याची रेघ ही दोन्ही मिळून निकाल द्या, एकट्या चुंबकावर जाऊ नका.

इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या कड्या असतील तर त्यांचा जोड शोधा. तार नुसती वाकवून टोकं एकमेकांना टेकवली आहेत की वेल्डिंग केलंय? नुसती टेकवलेली कडी ओढीने उघडते आणि पट्टी निसटते. गिर्यारोहणाच्या दुकानातला कॅराबिनर वापरणार असाल तर त्यावर किलोन्यूटनमध्ये ताकद कोरलेली असते. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलो. वीस-बावीसचा आकडा पुरेसा आहे, पण तो लांबीच्या दिशेतल्या ओढीचा. आडवी ओढ बसली तर ताकद जवळपास एक तृतीयांशावर येते, म्हणून तो फिरून आडवा होणार नाही अशा बेताने अडकवावा लागतो. किल्ल्यांना लावायच्या रंगीत ॲल्युमिनियमच्या कड्यांवर असा आकडा नसतो. त्या इथे चालत नाहीत.

घरी आणल्यावर एक चाचणी जरूर करा. हार्नेस बंद करून त्याला सिमेंटचं ५० किलोचं पोतं बांधा आणि पाठीवरच्या लूपने तुळईला दहा मिनिटं टांगा. पाय खाली ठेवू नका. काही सरकलं, उसवलं, कडी उघडली, तर हार्नेस बाद. काहीच झालं नाही म्हणजे तो धडकेत टिकेल असं मात्र नाही. धडकेची ओढ याच्या दहापट आणि तीही झटक्याची असते. या चाचणीत फक्त उघड वाईट माल गळतो.

माप: कारवानी आणि लॅब्रॅडॉर एकाच साइजचे नसतात

पाकिटावर वजनाप्रमाणे एस, एम, एल लिहिलेलं असतं. त्यावर जाऊन आपल्याकडच्या कारवानी, पश्मी आणि मुधोळ कुत्र्यांची फसगत होते. २५ किलोचा कारवानी आणि २५ किलोचा लॅब्रॅडॉर काट्यावर सारखे, पण अंगाने अगदी वेगळे. शिंप्याची टेप घ्या. मान मोजा तिच्या बुडाशी, जिथे ती खांद्याला मिळते, गळपट्टा असतो तिथे नव्हे. छाती मोजा पुढच्या पायांच्या मागे दोन बोटं सोडून, जिथे घेर सगळ्यात मोठा आहे तिथे. कुत्रा उभा असताना मोजा. केस दाट असतील, जर्मन शेफर्डसारखे, तर टेप केसांवरून न जाता दाबून अंगाला लागली पाहिजे.

कारवान्याचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, छाती खोल आणि पोट आत गेलेलं. छातीभोवतीचा एकच पट्टा मागे सरकून बारीक कमरेवर जातो, सैल होतो, आणि कुत्रा दोन पावलं मागे घेऊन सरळ बाहेर पडतो. अशा बांध्याला दोन पुढच्या पायांच्या मधून जाणारी पट्टी हवीच. ती छातीचा भाग आणि घेराचा पट्टा एकत्र बांधून ठेवते, त्यामुळे घेर मागे जात नाही. घेतल्यावर कुत्र्यासमोर उभं राहून पट्टा हलकेच आपल्याकडे ओढा आणि त्याला मागे सरकू द्या. खांदे वर करून, डोकं खाली घालून तो निसटायला बघेल. निसटला तर साइज किंवा मॉडेल बदला. आखूड केसांच्या या कुत्र्यांना काखेत पट्टी लगेच घासते, म्हणून तिथे गादी आहे का तेही बघा.

छातीवरचा मुख्य पट्टा रुंद हवा, तळहाताएवढा असेल तर फारच छान, आणि तो छातीच्या मधल्या हाडावर बसला पाहिजे. वर सरकून गळ्यावर गेला तर धडकेत सगळी ओढ श्वासनलिकेवर येईल. पगच्या बाबतीत ही चूक फार होते, कारण त्याला मान जवळजवळ नसतेच. सगळीकडे दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा. तिसरं बोट सहज गेलं तर हार्नेस सैल आहे.

गळपट्ट्याला किंवा गळ्यातल्या साखळीला गाडीत काहीही बांधू नका, अगदी पन्हाळ्यापर्यंतच जायचं असलं तरी. नुसत्या जोरदार ब्रेकनेही मानेला इजा होऊ शकते. आणि ओढ कमी व्हावी म्हणून छातीवर पुढे कडी असलेले जे हार्नेस येतात, त्यांची ती पुढची कडी फिरण्यापुरतीच. गाडीत नेहमी पाठीवरचा लूप.

वाढत्या पिल्लाचं माप दर पंधरा दिवसांनी घ्यावं लागतं. चार-पाच किलोच्या लहान कुत्र्याला हार्नेसपेक्षा भक्कम पेटी बरी. ती पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत, हलणार नाही अशी घट्ट बसवा. सीटवर ठेवून वरून सीटबेल्ट आवळू नका. कंपनीने तशा वापरासाठी तपासलेली नसेल तर धडकेत बेल्टच पेटी चेपतो.

गाडीच्या बाजूने बांधायचं कुठे

जागा मागची सीट. पुढच्या सीटवर एअरबॅग असते आणि ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. माणसाच्या छातीच्या अंदाजाने बनवलेली ती बॅग कुत्र्याच्या तोंडावर आदळते.

बांधायची सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे मध्ये हुक आणायचाच नाही. गाडीचा स्वतःचा तीन टोकांचा बेल्ट बाहेर ओढा, त्याचा खांद्यावरून येणारा आणि मांडीवरून जाणारा असे दोन्ही भाग हार्नेसच्या पाठीवरच्या लूपमधून घ्या, बकल लावा आणि उरलेला सैलपणा वर ओढून बेल्टला आत जाऊ द्या. कुत्र्याची पाठ सीटच्या पाठीजवळ आली पाहिजे. मग बेल्टला हाताने एक हिसका द्या, तो जागीच अडकला पाहिजे. हा बेल्ट सावकाश ओढला तर सुटत राहतो आणि हिसक्यालाच अडकतो. म्हणून चळवळ्या कुत्रा हळूहळू बराच बेल्ट बाहेर काढतो. कुठे थांबलात की तो परत आत घ्या.

बकलमध्ये खोचायची जीभ असलेला आखूड पट्टा हा दुसरा पर्याय. प्रत्येक गाडीच्या बकलचं माप थोडं वेगळं असतं. जीभ ‘टक्’ आवाज करून बसली पाहिजे आणि जोरात ओढल्यावर निघता कामा नये. डुगडुगत असेल तर ती तुमच्या गाडीची नव्हे. यात आणखी एक धोका आहे: कुत्र्याचा पंजा लाल बटणावर पडला की पट्टा मोकळा होतो. बकल सीटच्या खाचेत खोल गेलेलं असेल तर बरं. काही गाड्यांत मागच्या सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत आयसोफिक्सचे पोलादी दांडे असतात. लहान मुलांच्या सीटसाठी असल्यामुळे ते भक्कम असतात आणि तिथे पंजा पोचत नाही. गाडीच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर ही जागा उत्तम, मात्र हुक पोलादी हवा.

लांबी कशी ठरवायची? कुत्र्याला बसता यावं, आडवं होता यावं, पण पुढे झुकल्यावर त्याचं नाक सीटच्या पुढच्या कडेच्या बाहेर जाऊ नये.

हेडरेस्टच्या दांड्यांना गुंडाळायचे पट्टे मिळतात, ते टाळा. ते दांडे अशा ओढीसाठी बनवलेले नाहीत, आणि इतक्या उंचावरून बांधलं की कुत्रा धडकेत लोंबकळतो. छताजवळच्या हँडलचंही तेच. सीटवर झोळीसारखं लावायचं कव्हर सीट स्वच्छ ठेवतं आणि कुत्रा खाली घसरत नाही, पण धडकेत त्याचा उपयोग नाही. बकलसाठी चिरा असलेलं कव्हर घ्या. हॅचबॅकच्या डिकीत कुत्रा नको, मागून कुणी धडकलं की तीच जागा आधी चेपते.

मूल आणि कुत्रा दोघेही मागे असतील तर दोन टोकांना बसवा.

पिकअपच्या हौद्यात कुत्रा गळ्याने दांड्याला बांधून नेणारे शेतकरी या भागात पुष्कळ दिसतात. कुत्रा बाजूच्या फळीवरून उडी मारतो आणि गळ्याने बाहेर लोंबकळतो. यात तो काही मिनिटांत मरतो, आणि पुढे केबिनमध्ये कुणाला कळतही नाही. विनाकारण वेदना होतील अशा रीतीने प्राण्याला नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हाही आहे. केबिनमध्ये जागा नसेल तर हौद्यात घट्ट बांधलेला, हवेशीर, कुत्र्याला उभं राहता येईल एवढा पिंजरा ठेवा.

घाटात निघण्याआधी

हार्नेस आणला आणि त्याच दिवशी आंबा घाटातून रत्नागिरीला निघालात, तर कुत्रा तो अर्ध्या वाटेत चावून तोडेल. पहिले चार-पाच दिवस घरातच, जेवताना अंगावर असू द्या. मग उभ्या गाडीत बांधून पाच मिनिटं, मग कावळा नाक्यापर्यंत जाऊन परत. बेल्टच्या हिसक्याला तो घाबरू नये म्हणून सुरुवातीला एकजण शेजारी बसला तर चांगलं. निघण्याआधी तीन-चार तास जेवण नको, वळणांवर ओकारी येते. तरीही येत असेल तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या, माणसाची गोळी परस्पर देऊ नका. मागच्या काचा लॉक करा. पंजा बटणावर पडून काच खाली जाणं हे नेहमीचं आहे.

किणी टोलनाक्याच्या पुढे-मागे थांबून कुत्र्याला उतरवताना क्रम चुकवू नका. आधी हातातली दोरी हार्नेसला लावा, मग गाडीचा बेल्ट सोडा, मग दार उघडा. दार आधी उघडलं की कुत्रा थेट महामार्गावर जातो. थांबल्यावर त्याला बंद गाडीत बांधून चहाला जाऊ नका. उन्हात दहा मिनिटांत आतलं तापमान दहाएक अंशांनी वाढतं, आणि बांधलेला कुत्रा सावलीच्या बाजूला सरकूही शकत नाही.

दर प्रवासाआधी पट्ट्यांच्या कडा बोटांतून फिरवा. एकाही जागी दात लागून धागे तुटलेले असतील तर तो हार्नेस बाद, कारण पट्टी नेहमी कापलेल्या कडेपासूनच फाटते. गगनबावड्याच्या पावसात भिजला तर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, ब्लीच लावू नका. क्लिपेत चिखल आणि केस अडकतात, जुन्या टूथब्रशने साफ करा. मागच्या काचेजवळ ऊन खात पडलेला हार्नेस आतून कमजोर होत जातो. रंग विटून पट्टी ताठ, खरखरीत लागायला लागली की नवा घ्या.

धडकेत एकदा ओढ बसलेला हार्नेस वरून धडधाकट दिसला तरी पुन्हा वापरायचा नाही. पट्टीतले धागे ताणले गेलेले असतात, शिवण आतून सैल झालेली असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. गाडीचा जो बेल्ट त्या वेळी वापरला होता, तोही वर्कशॉपमध्ये दाखवून बदलून घ्या. आणि जुना हार्नेस कचऱ्यात टाकण्याआधी कात्रीने त्याच्या सगळ्या पट्ट्या आरपार कापा, म्हणजे दुसरं कुणी तो उचलून आपल्या कुत्र्याला घालणार नाही.